मतदाराची मालमत्तेची अट गेली, उमेदवाराची आली!

१५ जानेवारी २०२६ रोजी पनवेल महानगरपालिकेची दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. पहिली झाली होती २४ मे २०१७ रोजी. मधल्या काळात, २०२२ च्या जुलैत सभागृहाची मुदत संपली आणि साडेतीन वर्षे पनवेलकरांच्या डोक्यावर प्रशासक बसला. एवढ्या प्रतीक्षेनंतर मत देण्याची संधी आली, तर मतदानाआधीच राज्यातल्या २९ महापालिकांत मिळून साठाहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आल्याची बातमी आली. बहुतेक सगळे सत्ताधारी महायुतीचे. या यादीत पनवेलचेही नाव होते. अर्ज मागे घेताना दबाव किंवा आमिष होते काय, याचे अहवाल राज्य निवडणूक आयोगाला मागवावे लागले.

बिनविरोध या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. गावाने एकोपा दाखवला, असे त्यातून सुचवले जाते. पण कायद्याच्या आणि व्यवहाराच्या भाषेत बिनविरोध म्हणजे त्या जागेपुरता हजारो मतदारांचा हक्क मतपेटीपर्यंत पोहोचण्याआधीच संपणे. पूर्वी एकेक मत विकत घ्यावे लागे, आता समोरचा उमेदवार बसवला की सगळ्या मतांचा प्रश्न एकाच दिवसात मिटतो. प्रत्येक बिनविरोध निवडीत पैसा होता असे आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा आमच्याकडे नाही. पण मतदारच उरत नाही अशी निवडणूक फुले-आंबेडकरी विचारांच्या माणसाला अस्वस्थ करणार नसेल, तर दुसरे काय अस्वस्थ करणार?

कारण मताचा हक्क आपल्याला कोणी ताटात वाढून दिलेला नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्या काळी मत कोणाला? जो सरकारात ठरावीक शेतसारा भरतो, ठरावीक भाड्याच्या घरात राहतो किंवा प्राप्तिकर भरतो त्याला. अस्पृश्याकडे जमीन नाही, घर असले तर गावाबाहेर, आणि प्राप्तिकराचा तर प्रश्नच नाही. मालमत्तेची अट म्हणजे अस्पृश्याला दिलेला नकारच होता, फक्त त्यावर जातीचे नाव लिहिलेले नव्हते. बाबासाहेबांनी ही लबाडी ओळखली आणि अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा, अशी मागणी केली. पुढे मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. १९३५ च्या कायद्यातही मालमत्तेची अट शिल्लक राहिलीच. ती समूळ गेली राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने. राजा असो, रंक असो, एक माणूस एक मत.

ही अट आता परत आली आहे, हे आमचे म्हणणे आहे. फरक एवढाच की तेव्हा ती मतदाराला होती, आता उमेदवाराला आहे. कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात ती सापडणार नाही. विधानसभेच्या अर्जासोबत दहा हजार रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराने पाच हजार रुपये अनामत भरली की कायदा समाधानी होतो. पण महाराष्ट्र विधानसभेचे चित्र पाहा. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांच्याच प्रतिज्ञापत्रांवरून हिशेब काढते. २०१४ साली निवडून आलेल्या आमदारांपैकी ८८ टक्के कोट्यधीश होते, २०१९ साली ९३ टक्के झाले आणि २०२४ साली तपासलेल्या २८६ आमदारांपैकी २७७, म्हणजे ९७ टक्के. आमदारामागे सरासरी मालमत्ता २०१४ साली पावणेअकरा कोटींच्या पुढे होती, २०१९ साली ती सुमारे साडेबावीस कोटी झाली आणि २०२४ साली ४३ कोटींच्या वर गेली. दर पाच वर्षांनी दुप्पट! आमच्या शेतमजुराची मजुरी, आमच्या सफाई कामगाराचा पगार पाच वर्षांत दुप्पट झाल्याचे कोणी ऐकले आहे काय?

आणि २०२४ च्या या यादीत घाटकोपरच्या पराग शहांच्या खालोखाल दुसरे नाव आहे ते आमच्याच पनवेलच्या आमदारांचे. प्रशांत ठाकूर यांनी जाहीर केलेली मालमत्ता सुमारे ४७५ कोटी रुपयांची आहे. ती त्यांनी स्वतः जाहीर केलेली आहे आणि श्रीमंत असणे हा गुन्हा नाही, तेव्हा व्यक्तीवर आमचा रोख नाही. आम्हाला विचार करायचा आहे तो पनवेलचा प्रवास कसा झाला याचा. याच तालुक्याने दि. बा. पाटलांना पाच वेळा विधानसभेवर पाठवले आणि कुलाबा मतदारसंघातून ते दोनदा लोकसभेत गेले. दिबा वकील होते, शेकापचे होते आणि त्यांच्यामागे शेतकऱ्यांचे संघटन होते. सिडकोने १९७० नंतर ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली.

पण त्यानंतर काय झाले? जमिनीला सोन्याचा भाव आला. भराव, खडी, रेती, रस्ते, इमारती यांचे ठेके निघाले. ज्याच्या हाती ठेका त्याच्या हाती पैसा, ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती माणसे. १९९८ आणि १९९९ साली शेकापनेच व्यावसायिक रामशेठ ठाकूर यांना कुलाब्यातून लोकसभेवर पाठवले. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, चिरंजीव प्रशांत २००९ साली काँग्रेसचे आमदार झाले, २०१४ साली भाजपमध्ये गेले आणि २०१४, २०१९, २०२४ अशा तिन्ही वेळा पुन्हा निवडून आले. शेकाप, काँग्रेस, भाजप. झेंडे तीन, घर एक! पक्षाचा विचार पाहून मत पडते, असे जे राज्यशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते, ते पनवेलला आणून तपासावे.

कष्टकऱ्यांचा म्हणवणारा पक्षही या पाण्यापासून कोरडा राहिला नाही. शेकापचे माजी आमदार विवेक पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. त्याआधी जूनमध्ये ईडीने त्यांना अटक केली. बनावट कर्जखात्यांतून सुमारे पाचशे कोटी रुपये त्यांच्याच संस्थांकडे वळवले, असा आरोप आहे. आरोप सिद्ध होणे न होणे न्यायालयाचे काम. पण त्या बँकेत ठेवी होत्या त्या पेन्शनरांच्या, भाजीवाल्यांच्या आणि जमिनीचा मोबदला ठेवणाऱ्या शेतकऱ्यांच्या, हे पनवेलमध्ये कोणालाही विचारा.

आता कोणी म्हणेल, खर्चावर मर्यादा आहे की! आहे. २०२२ पासून विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पनवेलसारख्या ड वर्गाच्या महापालिकेत नगरसेवकपदाच्या उमेदवाराला या वेळी ९ लाखांची मर्यादा होती. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, रिक्षा यांचे दरपत्रक निवडणूक कार्यालय स्वतः काढते आणि उमेदवाराचा हिशेबनीस त्याप्रमाणे आकडे भरतो. आम्ही असे हिशेब वाचले आहेत. वाचताना वाटते की महाराष्ट्रातल्या उमेदवारांइतकी काटकसरी जमात जगात नसावी.

पण खरी मेख लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ७७ मध्ये आहे आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. या कलमाखाली हिशेब धरला जातो तो नामनिर्देशनाच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. म्हणजे पाच वर्षांतले तीन-चार आठवडे. उरलेल्या काळात शेठने रुग्णवाहिका द्यावी, क्रिकेटच्या स्पर्धा भरवाव्यात, महिलांच्या सहली काढाव्यात, सोसायट्यांना रंग लावून द्यावा, वह्या वाटाव्यात, कायद्याच्या दृष्टीने तो निवडणुकीचा खर्चच नाही. तो समाजसेवा! ज्याच्याकडे पाच वर्षे पैसा आहे तो पाच वर्षे प्रचार करतो. ज्याच्याकडे नाही तो अर्ज भरल्याच्या दिवशी पत्रक छापायला जातो आणि त्याच्या पत्रकाचा पैसा मात्र हिशेबात धरला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने हे भोक बुजवण्याचा प्रयत्न केला होता. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यायालयाने सांगितले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला अर्थ नाही. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि निकालाची धार काढून घेतली गेली. तब्बल २९ वर्षांनी, २००३ साली, ती पळवाट अरुंद करून मोठ्या नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती ठेवली. पण पक्षाच्या एकूण खर्चाला आजही मर्यादा नाही. निवडणूक रोख्यांतून किती हजार कोटी कोणाच्या तिजोरीत गेले, ते १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालानंतर देशाने पाहिलेच.

आणि मर्यादा मोडली तरी होते काय? २०१३ साली गोपीनाथ मुंडे जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपले आठ कोटी खर्च झाले. मर्यादा तेव्हा २५ लाखांची होती आणि दाखल केलेला हिशेब होता सुमारे १९ लाखांचा. आयोगाची नोटीस आली, उत्तर गेले, पुढे काही झाले नाही. त्याच २००९ सालच्या विधानसभेला अशोक चव्हाणांच्या नावाने वृत्तपत्रांत पुरवण्याच्या पुरवण्या छापून आल्या. बातमी की जाहिरात, हे प्रकरण आयोग, सर्वोच्च न्यायालय, पुन्हा आयोग असे फिरत २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयात चव्हाणांच्या बाजूने संपले. पाच वर्षांची विधानसभा तोवर संपत आलेली होती.

आता आपल्या अंगणात येऊ. पनवेल महापालिकेत नगरसेवक ७८, प्रभाग २०, आणि बहुतेक प्रभागांत चार-चार जागा. २०११ च्या जनगणनेची पाच लाख लोकसंख्या धरली तरी प्रभागामागे पंचवीस हजार माणसे येतात. आज तळोजा, खारघर, कामोठे, कळंबोली पाहता ती कितीतरी जास्त आहेत. एवढा प्रभाग पायी फिरून होत नाही, म्हणून पॅनेल होते. पॅनेलमध्ये एक जागा अनुसूचित जातीची. त्या जागेवर उमेदवार कोण असावा हे कोण ठरवतो? आपली वस्ती? आपली संघटना? नाही! ज्याच्या पैशावर चौघांचे फ्लेक्स छापले जाणार, ज्याच्या गाड्यांतून चौघे फिरणार, तो खुल्या जागेवरचा शेठ ठरवतो. त्याला बोलणारा माणूस नको असतो, त्याला शेजारी उभा राहून हात जोडणारा माणूस हवा असतो. फ्लेक्सवर चौथा चेहरा आपला, पण निवडून आल्यावर सभागृहात हात वर होतो तो शेठच्या हाताकडे बघून.

वाचकांना पुणे कराराची आठवण होईल, आणि झालीच पाहिजे. २४ सप्टेंबर १९३२ नंतर आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडण्याचा हक्क गेला. १९५२ साली बाबासाहेबांना मुंबईत काजरोळकरांनी आणि १९५४ साली भंडाऱ्यात बोरकरांनी हरवले. हे दोघे बाबासाहेबांपेक्षा मोठे होते म्हणून जिंकले काय? त्यांच्यामागे काँग्रेसची यंत्रणा होती. राखीव जागेवरचा माणूस आपल्यातला असावा, पण आपला नसावा, ही युक्ती जुनी आहे. तेव्हा हे काम पक्षाच्या यंत्रणेने केले, आज ते कोणा एका माणसाच्या तिजोरीतून होते. पक्षाच्या यंत्रणेला निदान जाहीरनामा तरी असे.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो, पण टाळता येणार नाही. निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांत काही प्रश्न एकदम सुटू लागतात. विहाराला फरशी बसते. जयंतीच्या मंडपाचे, डीजेचे पैसे पोहोचतात. महिला मंडळाला साड्या येतात. समाजमंदिराच्या पत्र्याचे काम, जे महापालिकेकडे अर्ज करकरून झाले नाही, ते आठ दिवसांत होते. आणि मग एक दिवस विहाराच्या आवारात, तथागतांच्या मूर्तीसमोर, शेठचा सत्कार होतो आणि आपलाच कार्यकर्ता माइकवर सांगतो की दाते असे असावेत. धम्मातले दान हे दात्याने काही न मागता द्यायचे असते. जे मताच्या हिशेबाने येते ते दान नव्हे, ती उचल आहे. वीटभट्टीवर मजुराला देतात तशी. ती फेडावी लागते.

रोख पैशाला तर महाराष्ट्रात गोंडस नाव आहे, लक्ष्मीदर्शन. २०१६ च्या डिसेंबरात पैठणच्या सभेत भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांनी हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला तेव्हा मोठा गदारोळ झाला, पण शब्द काही त्यांनी शोधलेला नाही. लक्ष्मीला आपण १९५६ साली नागपुरात निरोप दिला, असा आमचा समज होता. तिचे दर्शन मात्र दर निवडणुकीच्या आदल्या रात्री आपल्याही दारात होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात रोख, दारू, अमली पदार्थ, दागिने आणि वाटपाच्या वस्तू मिळून ६६० कोटींहून अधिकचा माल पकडल्याचे निवडणूक आयोगाने सांगितले. २०१९ साली हा आकडा सुमारे १०३ कोटींचा होता. हे फक्त पकडलेले.

वस्तीतली आमची माणसे यावर एक सरळ उत्तर देतात. पाच वर्षांत एकदाच काहीतरी हाताला लागते, ते घेऊ आणि मत हवे त्यालाच देऊ, मत गुप्त आहे ना? हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्याच्या घरात महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपतात, त्याला पाकीट परत कर म्हणून उपदेश करणे सोपे असते. पण गुप्ततेचा हा भरवसा अर्धवट आहे. मत गुप्त असते ते माणसाचे, वस्तीचे नाही! मोजणी मतदान केंद्रनिहाय होते आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली याचा तक्ता नमुना २० मध्ये जाहीर होतो. आपली वस्ती बहुतेक वेळा एका-दोन केंद्रांत मावते. म्हणजे निकालाच्या संध्याकाळी शेठला कळलेले असते की भीमनगरने किती दिली. म्हणूनच सुटे पाकीट आता दुय्यम झाले आहे. वस्तीचा ठोक सौदा होतो, मध्यस्थ आपल्यातलाच असतो आणि त्याला निकालाच्या दिवशी तक्ता दाखवावा लागतो. अनेक केंद्रांची यंत्रे एकत्र जोडून मोजणी करण्याचे टोटलायझर नावाचे साधन आहे. आयोगाने ते २००८ साली सुचवले, विधी आयोगाने मार्च २०१५ च्या अहवालात शिफारस केली. ते अजून आलेले नाही. ठोक खरेदीदाराला तक्ता हवा असतो, तेव्हा ते का येत नाही हे वेगळे सांगायला नको.

शिक्षेचे म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी लाच देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. कलम १७३ खाली एक वर्षापर्यंत कैद. ऐकायला बरे वाटते. पण गुन्हा अदखलपात्र आहे आणि जामीनपात्र. आदल्या रात्री पाकिटे वाटणारा पकडला तरी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस पुढे तपास करू शकत नाहीत, आणि सकाळी सात वाजता मतदान सुरू होते. निवडणूक याचिका करायची तर विधानसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, महापालिकेसाठी अवघ्या दहा दिवसांत न्यायाधीशांपुढे. भ्रष्ट आचरण सिद्ध करायचे ते फौजदारी गुन्ह्याइतक्या काटेकोर पुराव्याने. हरलेला गरीब उमेदवार दहा दिवसांत प्रचाराची उधारी फेडील की वकील शोधील?

तरीही हात बांधून बसावे असे आम्हाला वाटत नाही. १९८८ साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंगांसमोर कांशीराम उभे राहिले आणि त्यांनी मतदारांकडे मतासोबत एक नोट मागितली. हरले, तिसरे आले. पण पैसा घेऊन मत देणाऱ्या देशात पैसा देऊन मत देणारा मतदार त्यांनी उभा केला. ज्याने उमेदवाराला आपल्या खिशातले पाच रुपये दिले, तो पाच वर्षे त्याचा हिशेब विचारतो. आपल्या बापजाद्यांनी अर्धपोटी राहून, आणे गोळा करून चळवळ चालवली आणि १९५७ साली दादासाहेब गायकवाडांना नाशिकमधून लोकसभेत पाठवले. आज आपल्यात शिक्षक आहेत, बँकेत, रेल्वेत, सिडकोत नोकरी करणारे आहेत, खारघरला स्वतःचे फ्लॅट असलेले आहेत. आमचे सांगणे त्यांना आहे, पत्र्याच्या घरातल्या माउलीला नाही. विहाराची फरशी आपण महिन्याला शंभर रुपये काढून बसवू शकत नाही काय? जयंती समितीने निवडणुकीच्या वर्षात कोणत्याही इच्छुकाकडून वर्गणी घ्यायची नाही, आणि जमा-खर्च विहाराच्या फलकावर लावायचा, असा ठराव करायला कोणत्या कायद्याची गरज आहे? राखीव जागेवर कोण उभे राहील याची बैठक शेठच्या कार्यालयात न होता विहारात व्हावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

दुसरे काम वकिलांचे आणि शिकलेल्या तरुणांचे. विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आपल्यासाठी म्हणजे अलिबागला. निवडणूक संचालन नियम १९६१ च्या नियम ८८ खाली तो हिशेब कोणाही नागरिकाला पाहता येतो. त्यासाठी उमेदवार असावे लागत नाही, पक्षाचे सभासद असावे लागत नाही. प्रतींची फी वेगळी पडते. हिशेब नुसता पाहायची फी एक रुपया आहे.